खिळ्यापासून पडद्यापर्यंत

पहाडगंज हे नाव मराठी माणूस साध्या 'ड'ने लिहितो. हिंदी भाषक त्याच अक्षराच्या पायाशी एक बिंदू देतो आणि 'पहाड़गंज' असे लिहितो. उच्चार दोघांचाही जवळपास एकच आहे. दोन स्वरांमध्ये सापडलेला 'ड' आपल्या तोंडीही सैलच होतो. फक्त तो सैलपणा लिहून दाखवण्याची गरज मराठीला वाटली नाही, हिंदीला वाटली. नवी दिल्ली स्थानकाच्या पश्चिमेस पसरलेल्या या पेठेत बृहन्महाराष्ट्र भवन आहे, नूतन मराठी विद्यालय आहे. त्यामुळे या एकाच वस्तीचे नाव दोन्ही पद्धतींनी लिहिले जाते आणि वाचणाऱ्या कोणाचेही काही अडत नाही.

अडते ते यंत्राचे. संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे एक क्रमांक. हिंदीतील 'ड़' हे अक्षर आज जगभर मान्य असलेल्या युनिकोड या संकेतावलीत दोन रीतींनी लिहिता येते : एक त्याचा स्वतंत्र क्रमांक आहे, आणि 'ड' व बिंदू असे दोन क्रमांक पाठोपाठ देऊनही तेच अक्षर सिद्ध होते. मराठीचे बिंदूरहित रूप धरले, तर या पेठेचे नाव संगणकाच्या दप्तरात तीन प्रकारे नोंदलेले असू शकते. शोध घेणाऱ्या आज्ञावलीने ही रूपे आधी एकसारखी करून घेतली नसतील, तर एका रूपाने शोध घेणाऱ्यास दुसऱ्या रूपातील कागद सापडावयाचा नाही. डोळ्यांना जे एकच नाव दिसते, ते यंत्राला तीन निरनिराळी नावे वाटतात.

येथे थोडे थांबून विचार करण्याजोगे आहे. आपण लिहितो ते अक्षर पडद्यावर कोणत्या रूपात उमटावे, हे ठरवतो कोण? लिहिणारा, असे वरवर उत्तर येईल. पण ते खरे नाही. छापखान्याच्या काळात ते खिळे पाडणारा ठरवीत असे, आणि आज ते पडदा व फॉन्ट यांची मांडणी करणारी यंत्रणा ठरवते. अक्षराचे वळण शेवटी त्या व्यवस्थेच्या हाती असते, आणि तिला आपली भाषा कोणती हे कोणीतरी सांगावे लागते. मराठीच्या बाबतीत हे सांगणे दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्याचा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत लिहिणाऱ्यांच्या रोजच्या कामाचाही आहे.

मराठी मुद्रणाच्या आरंभीच परप्रांताचा संबंध येतो. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले. त्यातील मराठी मजकूर देवनागरी खिळ्यांनी जुळवला होता. त्याच केरीचा मराठी शब्दकोश १८१० साली निघाला तो मात्र मोडी खिळ्यांनी. म्हणजे मराठीला पहिल्या मुद्रित ग्रंथांपैकी काही ग्रंथ हुगळीच्या काठी, बंगाली कारागिरांच्या हातून मिळाले.

पुढे मुंबईत हे काम रुजले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या देखरेखीखाली देवनागरी खिळे तयार होत असत. त्याच छापखान्यात पोटासाठी लहानसहान कामे करीत जावजी दादाजी हा मुलगा वाढला. त्याने १८६४ साली स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभारला. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कुशल कारागीर त्यांना लाभला. निर्णयसागरचा संस्कृत ग्रंथ काशीपासून दक्षिणेपर्यंत पाठशाळांत वाचला जाऊ लागला, आणि त्या ग्रंथांबरोबर मुंबईचे अक्षरही देशभर गेले.

याच काळात देवनागरीची दोन वळणे स्पष्ट झाली. एकास मुंबई वळण म्हणत, दुसऱ्यास कलकत्ता वळण. 'अ', 'झ', 'ण', 'ल', 'श' ही अक्षरे दोन्हीकडे निराळी दिसत. मराठीचा 'ल' शिरोरेषेखाली मधल्या देठाच्या दोन बाजूंस दोन पाकळ्या उमलाव्यात तसा. उत्तरेचा 'ल' उजवीकडे सरळ दांडा घेऊन त्यास टेकलेला. 'श'चीही अशीच दोन रूपे. वाचकाला दोन्ही कळत. पण ज्या रूपावर त्याने बाराखडी गिरवली ते त्याला आपले वाटे.

खिळ्यांची संख्या हा दुसरा प्रश्न. इंग्रजीचे काम शंभरसव्वाशे खिळ्यांत भागते. देवनागरीला जोडाक्षरे आणि वेलांट्या-मात्रा धरून शेकडो खण लागत. खिळे जुळवणाऱ्याने किती खणांतून हात फिरवावा यालाही मर्यादा असते. लोकमान्य टिळकांनी केसरीसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्याची खटपट केली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'अ'चीच बाराखडी सुचवली. अशा सर्व सूचनांच्या मागे एकच व्यथा होती : यंत्र परकीयांच्या लिपीसाठी घडलेले आणि लिपी आपली. मग यंत्र बदलावे की लिपी?

स्वातंत्र्यानंतर हा वाद सरकारी पातळीवर गेला. १९५३ साली लखनौ येथे डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली लिपिसुधारणा परिषद भरली. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न देता उजवीकडे आखूड दांड्याने द्यावी, असे तिने ठरवले. कारण टंकलेखन यंत्राला उलटे मागे जाणे अवघड पडत होते. लोकांच्या डोळ्यांना ते रुचले नाही आणि काही वर्षांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. पुढे १९६० साली स्थापन झालेल्या केंद्रीय हिंदी निदेशालयाने १९६६ साली मानक देवनागरी वर्णमाला प्रसिद्ध केली. तिच्यात 'अ', 'झ' आणि 'ण' ही तीन अक्षरे मुंबई वळणाची घेतली. 'ल' आणि 'श' मात्र उत्तरेच्या वळणाची ठेवली. ही देवाणघेवाण एका अर्थी न्याय्यच होती. आज हिंदी वृत्तपत्रांत जो 'अ' दिसतो तो मूळचा आपल्याकडचा, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. पण या तडजोडीचा एक परिणाम पुढे घडला. लिपी एक आणि तिचा नमुना हिंदीचा, असे समीकरण दिल्लीच्या कचेऱ्यांत स्थिर झाले. आणि संगणक आला तेव्हा त्याने हेच समीकरण वारशाने घेतले.

आता ज्या यंत्रणेच्या पडद्यावर हे अक्षर जाऊन पोहोचले तिच्याकडे वळू. युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनी घडवण्यास आरंभ केला. तिच्या धर्तीवर पुढे अनेक प्रणाली निघाल्या. त्यांपैकी लिनक्स १९९१ साली जन्मास आली. या कुळातील यंत्रांना चित्रमय पडदा दिला तो एक्स विंडो या व्यवस्थेने. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या अथेना प्रकल्पाच्या निमित्ताने बॉब शायफलर आणि जिम गेटिस यांनी १९८४ साली ती सुरू केली, आणि १९८७ साली तिची अकरावी आवृत्ती निघाली. आजवर एक्स म्हणून जे ओळखले जाते ते हीच अकरावी आवृत्ती होय.

या व्यवस्थेची रचना कचेरीतील माणसास सहज समजण्यासारखी आहे. आपल्या मेजावरील पडदा, कळफलक आणि माउस यांचा ताबा एका कारभाऱ्याकडे असतो. त्यास सर्व्हर म्हणतात. लिहिण्याची, हिशेबाची किंवा चित्राची जी आज्ञावली असेल ती त्याच यंत्रावर असो वा दूरच्या दुसऱ्या यंत्रावर, पडद्याला ती स्वतः हात लावीत नाही. ती कारभाऱ्याकडे अर्ज करते : येथे चौकट उघडावी, येथे रेघ ओढावी, येथे अमुक फॉन्टमधील अमुक क्रमांकाचे अक्षर ठेवावे. कारभारी अर्जाप्रमाणे पडदा रंगवतो.

हा कारभारी कामास लावणे पूर्वी सोपे नव्हते. लिनक्सवर १९९० च्या दशकात एक्सफ्री-८६ ही आवृत्ती चालत असे. तिच्या मांडणीच्या साध्या मजकूर-नोंदीत पडद्याचा आडवा आणि उभा वेग किती, चित्रपत्ता कोणता, रंगांची खोली किती, हे सर्व हाताने लिहावे लागे. जुन्या काचनळीच्या पडद्याला त्याच्या ताकदीबाहेरचा वेग दिला तर तो बिघडण्याची भीती असे. २००४ साली परवान्याच्या वादातून बहुतेक मंडळी एक्स-ऑर्ग या नव्या शाखेकडे गेली, आणि हळूहळू पडदा स्वतःची माहिती स्वतःच सांगू लागल्याने ती नोंद लिहिण्याची गरज उरली नाही.

परंतु फॉन्टची गोष्ट अशी आपोआप सुटली नाही. एक्समधील जुन्या पद्धतीत प्रत्येक फॉन्टचे नाव चौदा रकान्यांचे असे. कोणता कारखाना, कोणते कुळ, जाडी किती, कल कसा, रुंदी, उंची, पडद्याची घनता, आणि शेवटचे दोन रकाने अक्षरांच्या संकेतावलीचे. पहिल्या रकान्याला फाउंड्री असे नाव होते. खिळे पाडण्याचा कारखाना! जावजी दादाजींचा धंदा या संगणकीय नोंदीत शब्दरूपाने टिकून राहिला होता. मात्र या चौदा रकान्यांत भाषेसाठी एकही रकाना नव्हता. ज्यांनी ही नोंद आखली त्यांच्या लिप्यांत तशी गरज भासली नसावी. इंग्रजीचा 'ए' फ्रेंचमध्येही तसाच दिसतो. एका लिपीत दोन भाषा, आणि त्या दोन भाषांत एका अक्षराची दोन रूपे, ही आपली परिस्थिती त्या तक्त्याच्या कल्पनेबाहेरची होती.

फॉन्ट पाहण्याची साधनेही त्याच तक्त्यावर उभी होती. एक्सएफडी नावाचे साधन फॉन्टमधील सर्व अक्षरे चौकटींच्या जाळीत मांडून दाखवते, जणू खिळ्यांची पेटीच उघडून ठेवली आहे. एक्सफॉन्टसेल हे साधन त्या चौदा रकान्यांतून एकेक पर्याय निवडू देते. एक क्रमांक, एक चौकट, एक चित्र, असा त्यांचा हिशेब. रोमन लिपीला तो पुरतो. देवनागरीत 'कि' लिहिताना 'क' आधी आणि वेलांटी नंतर उच्चारली जाते, पण वेलांटी कागदावर 'क'च्या आधी येते. 'क्ष' लिहिताना तीन क्रमांक मिळून एकच आकृती होते. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. चौकटींच्या जाळीत खिळे दिसतात, पण शब्द जुळत नाही. खिळे जुळवणाऱ्या कारागिराची जी बुद्धी होती, ती यंत्राला अजून द्यायची होती.

ती देण्याचा पहिला मोठा प्रयत्न आपल्याच देशात झाला. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये तयार झालेले देवनागरी संगणक-यंत्र १९८३ साली दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात दाखवण्यात आले. त्या कामातून जिस्ट हे तंत्र निघाले. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाल्यावर मोहन तांबे प्रभृतींनी ते तेथे वाढवले. भारतीय लिप्यांची एक समान संकेतावली, इस्की, १९८८ साली आखली गेली आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने तिला मानकाचा दर्जा दिला. तिच्याबरोबर इन्स्क्रिप्ट हा कळफलकही ठरला. इस्कीचे मर्म असे की, लिहिणाऱ्याने उच्चाराच्या क्रमाने लिहावे आणि आकृती जुळवण्याचे काम यंत्राने करावे. लखनौ परिषदेने लिपीला यंत्रापुढे वाकवू पाहिले होते. येथे यंत्राला लिपीपुढे वाकवले. १९९१ सालीच युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली.

तरी मधली वर्षे गोंधळाचीच गेली. व्यापारी फॉन्टांनी आपापले खासगी संकेत वापरले. एका कचेरीत टंकलेला मराठी मसुदा दुसऱ्या कचेरीत उघडला की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे, हा अनुभव त्या काळात नोकरी केलेल्या कोणासही नवा नाही. २००९ साली केंद्र सरकारने ई-शासनासाठी युनिकोड हे मानक ठरवले, तेव्हा हा गोंधळ निदान कागदोपत्री तरी संपला.

युनिक्स कुळातील यंत्रांवर देवनागरी शब्द नीट जुळू लागला तो २००० नंतर. त्यामागे तीन कामे होती. पँगो हा मजकूर जुळवणारा संच ओवेन टेलर प्रभृतींनी सुरू केला. फॉन्ट शोधण्याची आणि निवडण्याची फॉन्टकॉन्फिग ही व्यवस्था कीथ पॅकार्ड यांनी उभारली. पुढे बेहदाद एस्फाहबोद यांनी आकृती जुळवणारे हार्फबझ हे तंत्र नव्याने घडवले. हे नाव फारसी आहे : हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुले. दिल्लीच्या मातीत कानावर पडणारा आणि मराठीतही 'हरफ' या रूपाने आलेला हा शब्द आज जगातील असंख्य यंत्रांच्या पोटात काम करीत आहे.

या साऱ्या यंत्रणेला लागणारे मुक्त फॉन्ट मात्र आपल्याकडच्या माणसांनी दिले. मुंबईच्या इंडिकट्रान्स गटाने गार्गी हा देवनागरी फॉन्ट मुक्त केला. मराठी कवी आणि अक्षरशिल्पी र. कृ. जोशी यांनी मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात युनिकोडसाठी भारतीय फॉन्ट घडवले. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीतील मंगल हा फॉन्टही त्यांच्याच हातचा. २००८ साली ते निवर्तले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने तयार केलेले फॉन्ट रेड हॅट या कंपनीने घेऊन २००४ साली लोहित या नावाने सर्वांना खुले केले. लोहित म्हणजे तांबडा; कंपनीच्या तांबड्या टोपीला दिलेले हे संस्कृत नाव. या कुळात पुढे 'लोहित मराठी' असा वेगळा फॉन्टही निघाला.

आता मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो. लिपी जुळली, पण भाषा? मराठीच्या तीन अडचणी वेगवेगळ्या रीतीने सुटल्या, आणि त्या कशा सुटल्या हे पाहण्यासारखे आहे.

पहिली अडचण ऱ्याची. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातील खोल जागा. 'आचार्यांना' मान द्यायचा की 'आचाऱ्यांना' जेवणाची वर्दी द्यायची, हे एका रफारावर अवलंबून आहे. हिंदीला हा भेद लागत नाही, मराठीला तो अर्थासाठी लागतो. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी साधतो : 'र'च्या खाली बिंदू असलेले जे 'ऱ' अक्षर आहे त्याचा पाय मोडून, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन्हींची आकृती एकच दिसते, क्रमांक वेगळे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'र'चीच कळ शिफ्ट दाबून वापरली की 'ऱ' मिळतो. ती सवय ठेवणे बरे, कारण एकाच दप्तरात दोन्ही रीती मिसळल्या की शोध घेताना अर्धे कागद हाती लागत नाहीत.

दुसरी अडचण 'ॲ'ची. इंग्रजी 'बॅंक', 'ॲक्ट' यांसारख्या शब्दांचा उच्चार लिहिण्यासाठी आपण 'अ'वर चंद्र देतो. युनिकोडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत 'ए'वर चंद्र दिलेले 'ऍ' हेच अक्षर होते. आपले अक्षर वेगळे आहे हे मांडले गेले, आणि २००८ सालच्या ५.१ या आवृत्तीत मराठी 'ॲ' स्वतंत्र क्रमांकासह दाखल झाला. ज्याने मागितले त्याला मिळाले, याचे हे साधे उदाहरण.

तिसरी अडचण 'ल' आणि 'श' यांची, आणि ती सर्वांत सूक्ष्म आहे. येथे वेगळा क्रमांक मागणे योग्य ठरले नसते. 'ल' हा 'ल'च आहे, फक्त त्याचे वळण निराळे. म्हणून उपाय फॉन्टच्या पोटातच ठेवावा लागला. नव्या पद्धतीच्या एकाच फॉन्टमध्ये दोन्ही आकृत्या असू शकतात, आणि मजकूर मराठी आहे असे यंत्राला सांगितले की तो मराठी वळण काढून देतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेत पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' यांचा पुरस्कार केला, तेव्हा फॉन्ट घडवणाऱ्यांना बोट ठेवण्यास एक अधिकृत कागद मिळाला. लिखित आदेशाचे मोल या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नको.

परंतु या उपायात एक अट दडलेली आहे. मजकूर मराठी आहे, असे कोणीतरी सांगितले पाहिजे. सांगितले नाही तर यंत्र फॉन्टचे मूळ वळण दाखवते, आणि देवनागरी फॉन्टांत ते बहुधा हिंदीचे असते. यात कोणाचा द्वेष नाही की कपट नाही. रिकामा रकाना दिसला की हाताखालचा कारकून नेहमीचे उत्तर भरून टाकतो, तसाच हा प्रकार आहे.

एक्सच्या चौदा रकान्यांत जो रकाना नव्हता, तो फॉन्टकॉन्फिगने दिला. 'एफसी-लिस्ट' या आज्ञेला मराठीचे 'एमआर' हे भाषाचिन्ह दिले की यंत्रावरील मराठीसाठी चालणाऱ्या फॉन्टांची यादी मिळते. 'एफसी-मॅच' ही आज्ञा त्यांतून प्रत्यक्षात कोणता निवडला जाईल ते सांगते. पण येथेही सावध राहावे लागते. अमुक फॉन्ट मराठीस चालतो की नाही, हे फॉन्टकॉन्फिग ठरवते ते लागणारी अक्षरे त्यात आहेत की नाहीत एवढे मोजून. वळण ते पाहत नाही. हिंदी वळणाचा 'ल' असलेला फॉन्टही मराठीच्या यादीत बिनदिक्कत बसतो. हजेरीपटावर नाव असले म्हणजे माणूस कामाचा आहेच असे नव्हे, हा कचेरीतला अनुभव येथेही लागू पडतो.

खात्री करून घेण्याचा मार्ग आहे. हार्फबझबरोबर एचबी-व्ह्यू नावाचे साधन मिळते. त्यास फॉन्ट, शब्द आणि भाषा सांगितली की तो शब्द जुळवून त्याचे चित्र देते. 'कुशल' हा शब्द घ्यावा, कारण त्यात 'श' आणि 'ल' दोन्ही आहेत. एकदा हिंदी भाषा सांगून आणि एकदा मराठी सांगून दोन चित्रे काढावीत. ती वेगळी दिसली तर फॉन्टला मराठी वळण ठाऊक आहे. एकसारखी दिसली तर त्याच्याजवळ वळण एकच आहे. ते आपले की उत्तरेचे, हे चित्राकडे पाहूनच ठरवावे. जुन्या एक्सएफडीच्या जाळीत खिळे वेगवेगळे दिसत. येथे जुळलेला शब्द दिसतो, आणि कोणत्या भाषेसाठी जुळवला तेही आपल्या हाती राहते.

त्यानंतरचे काम दोन ठिकाणचे. फॉन्टकॉन्फिगची मांडणी साध्या मजकुराच्या नोंदीत असते, आणि प्रत्येक वापरणाऱ्यास आपल्या घरच्या कप्प्यात स्वतःची नोंद ठेवता येते. त्यात मराठीसाठी कोणता फॉन्ट आधी घ्यावा हे लिहिता येते. दुसरे ठिकाण म्हणजे मजकूर स्वतः. लिब्रेऑफिससारख्या लेखनसाधनात परिच्छेदाची भाषा मराठी अशी निवडावी. पडद्याची भाषाच मराठी ठेवणाऱ्याने प्रणालीला तसे सांगावे. संकेतस्थळाचे पान तयार करणाऱ्याने पानाच्या माथ्यावर भाषेचे चिन्ह द्यावे. प्रत्येक ठिकाणी काम एका ओळीचे आहे.

एक्सचे स्वतःचे युग आता मावळतीला लागले आहे. क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ साली आरंभलेली वेलँड ही नवी व्यवस्था अनेक लिनक्स प्रणालींनी स्वीकारली आहे. तिच्यात जुन्या कारभाऱ्याची बरीच कामे आज्ञावलींनी स्वतःकडे घेतली आहेत. पण अक्षराच्या बाबतीत त्यामुळे फारसा फरक पडत नाही, कारण अक्षर जुळवण्याचे काम पूर्वीच पडद्याच्या कारभाऱ्याकडून पँगो आणि हार्फबझ यांच्याकडे गेलेले होते. पडदा कोणाचाही असो, भाषेचा रकाना भरावा लागतोच.

कोणी विचारील, एका पाकळीसाठी एवढा खटाटोप कशाला? दोन्ही 'ल' वाचता येतात, अर्थ कोठे अडत नाही. हे खरे आहे, आणि उत्तरेच्या वळणाविषयी मनात अढी ठेवण्याचेही कारण नाही. आपला 'अ' त्यांनी घेतला, त्यांचा 'ल' आपल्यास वाचता येतो, हे दोघांसही शोभणारेच आहे. पण परप्रांतात वाढणाऱ्या मराठी मुलाचा विचार करावा. शाळेत तो हिंदी देवनागरी वाचतो, रस्त्यावरील पाट्यांवर तीच वाचतो, आणि घरी पडद्यावर मराठी गोष्ट उघडली तरी तेच वळण त्याच्यापुढे येते. मराठी ही हिंदीचीच एक बोली असावी, असा समज त्याच्या डोळ्यांत कोणी न सांगता रुजतो. आजोबांचे हस्ताक्षर, निर्णयसागरची पोथी आणि पडद्यावरचा धडा यांत एकच 'ल' दिसला, तर न बोलता तो काही निराळे शिकतो.

याहून मोठी गोष्ट 'दऱ्या'ची आहे. तेथे वळणाचा नव्हे, अर्थाचा प्रश्न होता. तो सुटला तो हा भेद हिंदीत नसला तरी मराठीत आहे असे कोणीतरी नियम ठरवणाऱ्यांच्या पुढे मांडले म्हणून. भाषेचे असे बारीक हक्क दंग्याधोप्याने मिळत नाहीत. टिपणाने, नमुन्याने, पुनःपुन्हा स्मरण देऊन मिळतात. हे काम करण्याची शिस्त सरकारी सेवेतील मराठी माणसाच्या अंगी आधीच आहे. ज्या संस्थेत आपण काम करतो तेथील यंत्रांवर मराठी नीट उमटते का, मसुद्यांना भाषेचे चिन्ह दिले जाते का, कचेरीच्या संकेतस्थळावरील मराठी पानाच्या माथ्यावर हिंदीचे चिन्ह तर राहून गेले नाही ना, एवढे पाहणे आणि चूक दिसल्यास संबंधितांस लेखी कळवणे कोणाच्याही अधिकाराबाहेरचे नाही.

जावजी दादाजींना एक 'ल' पाडायचा तर पोलादावर ठसा कोरावा लागे, तांब्यात साचा उठवावा लागे, वितळलेले शिसे ओतावे लागे. आपल्याला एक ओळ लिहावयाची आहे.